एका पेशीपासून देहापर्यंत

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात पेशीविज्ञान आणि विकासजीवशास्त्र हे विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रयोगशाळेत काचपट्ट्यांची एक पेटी ठेवली जाते. त्या पट्ट्यांवर कोंबडीचे भ्रूण रंगवून कायमचे बसविलेले असतात आणि कडेला 18, 24, 33, 48, 72 असे आकडे लिहिलेले असतात. हे आकडे म्हणजे अंडे उबविल्याचे तास होत. विद्यार्थी प्रत्येक पट्टीची आकृती काढतो, भागांना नावे देतो आणि परीक्षेसाठी ती पाठ करतो. परंतु या शास्त्राचा खरा विषय पट्ट्यांवर नसून दोन पट्ट्यांच्या मधल्या काळात आहे. अठराव्या तासाला जेथे केवळ एक पुसट रेषा होती, तेथे तेहतिसाव्या तासाला मेंदूचे फुगवटे, पाठीच्या दोन्ही अंगांना कायखंडांच्या जोड्या आणि वळू लागलेली हृदयाची नळी कोठून आली, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न जिवंत भ्रूण पाहिल्यावाचून मनात नीट उतरत नाही. सुमारे 38 अंश सेल्सिअस तापमानात दीड दिवस उबविलेले अंडे मिठाच्या कोमट, सौम्य द्रावणात अलगद फोडतात. पिवळ्या बलकावर तरंगणारी भ्रूणाची चकती बारीक कात्रीने कापून घेतात आणि घड्याळाच्या काचेसारख्या खोलगट काचेत धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. अशा वेळी हृदयाचा इवलासा भाग थबकत थबकत आकुंचन पावताना दिसतो. त्या वेळी शरीरात रक्ताभिसरण सुरू झालेले नसते आणि हृदयापर्यंत एकही मज्जातंतू पोहोचलेला नसतो. बाहेरून कोणाची आज्ञा न येता स्पंदन पावणे, हा त्या स्नायुपेशींचा स्वतःचाच धर्म असतो. हे हृदय डाव्या आणि उजव्या बाजूंच्या दोन मूळ भागांच्या मीलनातून बनते. प्रयोगात हे मीलन रोखले, तर दोन हृदये तयार होतात आणि दोन्ही स्पंदन पावतात.

अंडी क्रमाक्रमाने फोडून पाहण्याची रीत ॲरिस्टॉटलइतकी जुनी आहे. तरीही सतराव्या आणि अठराव्या शतकांत अनेक विद्वानांची अशी समजूत होती की, बीजात संपूर्ण प्राणी सूक्ष्म रूपाने आधीच असतो आणि पुढे तो केवळ मोठा होतो. 1759 साली कास्पार फ्रीड्रिख वोल्फ याने या मताला विरोध केला. अवयव आधीपासून नसतात, ते साध्या द्रव्यातून क्रमाने घडतात, असे त्याचे प्रतिपादन होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच वाद पेशीच्या पातळीवर पुन्हा उभा राहिला. 1888 साली विल्हेल्म रू याने बेडकाच्या द्विपेशीय भ्रूणातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण बनला. प्रत्येक पेशीच्या वाट्याला देहाचा ठरावीक भागच येतो, असा निष्कर्ष त्याने काढला. थोड्याच वर्षांत हान्स ड्रीश याने समुद्री अर्चिनच्या भ्रूणाच्या दोन पेशी एकमेकींपासून वेगळ्या केल्या, तेव्हा प्रत्येकीपासून लहान पण संपूर्ण डिंभ तयार झाला. रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती. पुढे बेडकाच्या भ्रूणातील पेशीही पूर्णपणे वेगळी केली गेली, तेव्हा तिनेही संपूर्ण भ्रूण घडविला. तात्पर्य, पेशीचे भवितव्य तिच्या अंतरंगावर जसे अवलंबून असते, तसेच तिच्या शेजारावरही असते.

शेजाराचे हे सामर्थ्य हिल्डे मान्गोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झाले. न्यूट या उभयचर प्राण्याच्या एका भ्रूणातील पाठीकडचा एक लहानसा तुकडा त्यांनी वेगळ्या रंगछटेच्या जातीच्या भ्रूणात पोटाच्या बाजूस बसविला. तेथे दुसरा भ्रूण आकारास आला. रंगभेदामुळे असे कळले की, त्या दुसऱ्या भ्रूणाची मज्जानलिका मुख्यतः यजमानाच्याच पेशींची होती. ज्या पेशी एरवी पोटाची त्वचा झाल्या असत्या, त्यांना पाहुण्या तुकड्याने वेगळ्या वाटेला लावले होते. हे प्रयोग आपल्या हातांनी करणारी मान्गोल्ड त्याच वर्षी, पंचवीस वर्षांची असताना, अपघातात भाजून मरण पावली. श्पेमान याला 1935 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वाट बदलली म्हणजे पेशी मागची वाट कायमची विसरते काय? 1962 साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले. अशा काही अंड्यांपासून डिंभ वाढले. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी 1964 साली धोत्र्याच्या परागकोशांचे संवर्धन करून भ्रूण मिळविले. ज्या परागकणाचे काम फलनापुरते, त्याच्यातही संपूर्ण वनस्पती घडविण्याची क्षमता सुप्त असते, हे त्यातून दिसले. 2006 साली शिन्या यामानाका यांनी केवळ चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशींना भ्रूणपेशींसारखी अवस्था आणून दिली. सर्वसाधारणपणे पेशी आपली जनुके गमावत नाही. त्यांतील कोणती जागी ठेवायची आणि कोणती निद्रिस्त, एवढेच ती ठरविते.

या अभ्यासाचे मोल केवळ जिज्ञासेपुरते नाही. थॅलिडोमाइड हे औषध 1957 साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले आणि गर्भवती स्त्रियांना मळमळीवर दिले जाऊ लागले. 1961 च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले, तोपर्यंत अनेक देशांत हजारो बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मास आली होती. गर्भधारणेनंतरच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात घेतलेल्या औषधाने हा घात केला, कारण हातपाय आणि इतर अवयव याच काळात घडू लागतात. पुष्कळदा आपण गर्भवती आहोत, याची स्त्रीला तोवर पुरती जाणीवही झालेली नसते.

म्हणूनच काचपट्टीवरील तासांचा आकडा हा केवळ ओळखीचा क्रमांक नव्हे. घडत्या देहात प्रत्येक घटनेची एक वेळ असते. ती वेळ साधली तर अवयव बनतो आणि चुकली तर ती परत येत नाही. 33 आकड्याची पट्टी हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने आकृती अवश्य काढावी. परंतु त्याआधी 24 आणि 33 यांच्यामधल्या नऊ तासांत काय घडले असेल, याचा क्षणभर विचार करावा. त्या क्षणापासून त्याच्या अभ्यासाला खरा आरंभ होतो.