डोबेरायनरचा दिवा आणि कोंड्यातलं तेल

दहावीच्या पुस्तकात डोबेरायनरची त्रिके असतात ना रे? त्याच डोबेरायनरची ही गोष्ट, पण पुस्तकात नसलेली.

जर्मनीतल्या येना गावात तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. बाप घोडागाडी हाकायचा, आणि पोरगा औषधांच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकला. १८२३ साली त्याने हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या भुसभुशीत गोळ्यावर सोडला आणि भक्कन ज्योत पेटली! काडी नाही, चकमक नाही. प्लॅटिनम होतं तसंच राहिलं. त्याने त्याचा चक्क दिवा केला. आगपेट्या घरोघरी पोचायच्या आधी लोक त्यावर पाइप पेटवायचे.

‘‘पण आजोबा, प्लॅटिनम करतं काय?’’

हायड्रोजनचे अणू जोडीने फिरतात, फुगडी घालणाऱ्या पोरींसारखे हात घट्ट धरून. काही धातूंवर टेकले की ती पकड सुटते. सुटलेला अणू मग समोर येईल त्याला धरतो. दिव्यात त्याने ऑक्सिजनला धरलं.

आता याच माणसाचं दुसरं काम ऐका. मुंग्यांच्या अंगात असतं ते फॉर्मिक आम्ल तो साखरेपासून बनवत होता. त्यात एक वेगळंच तेल थोडंसं आलं, आणि १८३२ मध्ये त्याने ते नोंदवून ठेवलं. पुढे स्टेनहाउस नावाच्या स्कॉटिश रसायनज्ञाने कोंडा आणि लाकडाचा भुसा गंधकाम्लाबरोबर उकळून तेच तेल काढलं. हेच फरफ्युरल. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून त्याचा धंदा सुरू केला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसातूनही ते निघतं, आणि आपले साखर कारखाने बॉयलरमध्ये जाळतात त्या उसाच्या चिपाडातूनही.

म्हणजे हायड्रोजनची पकड सोडवणारा धातू आणि हे तेल, दोन्ही एकाच माणसाच्या हातात होती. एकत्र आणली ती पुढच्या पिढ्यांनी. आणि त्यात तांब्याची कमाल बघा! फरफ्युरलच्या रेणूत एक कडं असतं आणि बाजूला एक शेपूट. तांबं कड्याला सहसा हात लावत नाही. ते शेपटातला ऑक्सिजन तेवढा पाणी करून काढून टाकतं. मग निकेल किंवा पॅलेडियम कड्यात हायड्रोजन भरतं. तयार होतं २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान. नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून आपण मी-टीएचएफ म्हणू.

औषधं बनवताना हा द्रावक कामी येतो. बहुतेक खनिज इंधनांपासून येणारं साधं टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफ, ६६ अंशांना उकळतं आणि पाण्यात पूर्ण मिसळतं. मी-टीएचएफ ८० अंशांना उकळतं, आणि पाण्याबरोबर हलवून ठेवलं तर वर वेगळा थर धरतं. त्यामुळे ते परत मिळवणं सोपं.

मात्र उघडं ठेवलं तर हवेशी संयोग होऊन त्यातही स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. आणि त्याला लागणारा हायड्रोजन आज बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशातूनच येतो. हे बदलत नाही तोवर मी तरी या द्रावकाला अर्धाच हिरवा म्हणेन.