गोळा, कडे आणि पिस्टन

धातूचा गोळा आणि कडे यांचा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात केलेला आहे. थंड गोळा कड्यातून सहज जातो. दिव्यावर तापवला की अडतो. 'उष्णतेने धातू प्रसरण पावतात' असे वहीत लिहून धडा संपतो. हा प्रयोग ऐन वेळी न आठवल्यामुळे मी एकदा चुकीचा सल्ला दिला, त्याची ही हकिकत.

माझा मामेभाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. त्याच्याकडे टोयोटाची सुप्रा ही जुनी स्पोर्ट्‌स कार आहे, १९९३ साली आलेल्या पिढीतली. तिच्या इंजिनाचे नाव २जेझेड-जीटीई. एका रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बोचार्जर आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही तेवढीच. इंजिन उघडून नव्याने बांधायचे होते. अशा इंजिनांसाठी मूळ कंपनीशिवाय इतरही कंपन्या पिस्टन बनवतात. त्यांतले कोणते घ्यावेत, असे त्याने मला विचारले. धातूंचा अभ्यास हा माझा व्यवसाय. मी ताकदीचा तक्ता पाहिला आणि सर्वांत बळकट मिश्रधातूचे पिस्टन घ्यायला सांगितले. हिवाळ्यात त्याचा फोन आला. "दादा, सकाळी गाडी सुरू केली की इंजिन डिझेलसारखं खडखडतं. तापलं की गप्प होतं. काय चुकलं?"

काय चुकले ते पाहण्याआधी पिस्टनला काय सोसावे लागते ते पाहू. मिनिटाला ७००० फेऱ्यांच्या वेगाने या इंजिनातील पिस्टन टोकाला पोचून दिशा बदलतो, तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३००० पट असते. ४०० ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला १२०० किलोच्या वजनाएवढा हिसका देतो. त्यात टर्बोचार्जरची भर. सायकलचा पंप हवा दाबताना तापतो, तशीच टर्बोने दाबलेली हवाही तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श गणितानेही तिचे तापमान ९३ अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर ती थंड करतो. पण सिलिंडरमध्ये हवा जास्त, इंधन जास्त, म्हणून उष्णताही जास्त. शिवाय ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकले तर नॉकिंग होते आणि पिस्टनवर जणू हातोड्याचे घाव बसतात. ओतीव पिस्टन अशा घावांनी तडकू शकतो. म्हणून अधिक शक्ती काढायची असेल तेव्हा फोर्ज्ड, म्हणजे दाबाखाली घडवलेले, पिस्टन निवडतात.

फोर्ज्ड पिस्टनसाठी मुख्यत्वे दोन ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरतात: ४०३२ आणि २६१८. दोन्हींत महत्त्वाचा फरक सिलिकॉनचा. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के, तर २६१८ मध्ये नाममात्र. सिलिकॉनचे कठीण कण झीज रोखतात आणि प्रसरणही कमी करतात. पण घाव बसला की तडा जाण्याची शक्यता वाढवतात. २६१८ चिवट आहे. तो तडकण्याआधी वाकतो आणि तापल्यावरही ताकद बरीच टिकवतो. कॉंकॉर्ड हे स्वनातीत विमान हवेच्या घर्षणाने तापत असे. त्याची बांधणी याच कुळातील मिश्रधातूची होती. मी भाळलो तो या गुणांवर.

आता गोळा आणि कडे आठवू. तापमान १ अंशाने वाढले की २६१८ ची लांबी दर दहा लाख भागांमागे सुमारे २२ भागांनी वाढते, ४०३२ ची १९ भागांनी आणि ओतीव लोखंडाची ११ भागांनी. म्हणजे गोळा कड्यापेक्षा जास्त फुगतो. ढोबळ हिशेबासाठी पिस्टनचा खालचा घेर आणि सिलिंडर दोन्ही १०० अंशांनी तापले असे धरू. २६१८ च्या बाबतीत फट ८६ × १०० × (२२ − ११) ÷ १०,००,००० = ०.०९५ मिलिमीटरने कमी होईल. ४०३२ च्या बाबतीत ०.०६९ मिलिमीटरने. फरक केसाच्या जाडीहूनही कमी, पण इंजिनात तो ऐकू येतो. पिस्टन गरम असताना अडकू नये म्हणून २६१८ साठी थंडपणी फट जास्त ठेवावीच लागते. मिशिगनच्या हिवाळ्यात, शून्याखाली १५ अंशांना, ती आणखी ०.०३ मिलिमीटरने वाढते. सैल पिस्टन भिंतीवर आपटतो, तीच खडखड.

इंजिनात दोष नव्हता. दोष माझ्या उत्तरात होता. कोणता पिस्टन चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. गाडी कोठे, किती आणि कशी चालवणार, हे मी विचारलेच नव्हते. शर्यतीत वारंवार पूर्ण जोर देणाऱ्याला, टर्बोचा दाब फार वाढवणाऱ्याला २६१८ योग्य; त्याचे इंजिन तसेही वरचेवर उघडले जाते. रोज कामावर जाणाऱ्या, दाब फारसा न वाढवणाऱ्या माझ्या भावाला ४०३२ पुरेसा होता. तो शांत चालला असता आणि झिजलाही कमी असता.

आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली संपीडन गुणोत्तर. या इंजिनाचे ते ८.५ आहे. पिस्टन खालून वर येताना सुमारे ५०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणून वर उरणारी जागा ५०० ÷ ७.५, म्हणजे ६६.७ घन सेंटिमीटर. गुणोत्तर ९ हवे तर ५०० ÷ ८, म्हणजे ६२.५. फरक चहाच्या चमचाभराहूनही कमी आणि तो ठरतो पिस्टनच्या माथ्यावरील खळग्याने! गुणोत्तर वाढवले की इंधनाचा उपयोग चांगला होतो, पण नॉकिंगचा धोकाही वाढतो. टर्बोचा दाब आणि मिळणारे पेट्रोल पाहूनच खळगा निवडावा.

दुसरी रिंगच्या टोकांमधली फट. रिंगचा परीघ २७० मिलिमीटर. ती सिलिंडरपेक्षा १५० अंशांनी जास्त तापली तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते. टोके एकमेकांना भिडली की रिंग अडकते, पिस्टनची खाच तुटते आणि बोल मात्र पिस्टनला लागतो. टर्बो इंजिनात ही फट म्हणूनच जास्त ठेवतात. नेमके आकडे नेहमी पिस्टन बनवणाऱ्याच्या पत्रकातून घ्यावेत. वरचे गणित त्यांमागचे कारण सांगते, त्यांची जागा घेत नाही.

भावाला मी सांगितले, की इंजिन तापेपर्यंत जोर देऊ नकोस आणि पुढच्या वेळी मला आधी नीट प्रश्न विचारायला लाव. गोळा-कड्याचा प्रयोग झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर द्यावा: कडे लोखंडाचे आणि गोळा ॲल्युमिनियमचा असेल, आणि दोन्ही सारखेच तापवले, तर काय होईल? 'दोन्ही तापले म्हणजे गोळा जाईलच' असे बरीच मुले म्हणतील. मीही जवळजवळ तेच म्हटले होते.