हिंदीत सल्ला विचारताना

पैसा उसना मागताना माणूस संकोचतो, हे आपण सर्व जाणतो. परंतु दुसऱ्याचे मत मागतानाही तो तितकाच संकोचतो, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. 'माझे हे काम पाहा आणि त्यात काय उणे आहे ते सांगा,' असे म्हणावयास नम्रता लागते; शिवाय समोरच्याला खरे बोलण्याची मोकळीकही द्यावी लागते. मातृभाषेतसुद्धा हे सोपे नसते. मग इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर, दिल्ली किंवा वाराणसी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हीच मागणी हिंदीत करावी लागते, तेव्हा काय होत असेल?

प्रसंग काही मोठे नसतात. वसाहतीतील गणेशोत्सव यंदा कसा करावा, मुलीला कोणत्या शाळेत घालावे, हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलाचा निबंध कसा उतरला आहे, सूनबाईंनी सुरू केलेल्या शिवणवर्गाविषयी शेजारणींचे काय म्हणणे आहे, असे प्रश्न घरोघरी नेहमीच निघतात. ते नीट विचारले तर शेजारी आपले काम आपुलकीने हाती घेतात. नीट विचारले नाहीत तर ते हसून 'ठीक है' म्हणतात आणि दूरच राहतात. परप्रांतात घर करून राहणाऱ्यास या दोहोंतील अंतर फार मोठे वाटते.

हिंदी ही आपणास परकी नव्हे. संविधान सभेने १४ सप्टेंबर १९४९ रोजी देवनागरी लिपीतील हिंदी ही संघाची राजभाषा म्हणून स्वीकारली. परंतु त्याच्या पुष्कळ आधीपासून मराठी माणसे हिंदीत लिहीत होती. माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले आणि पुढे लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. बाबूराव विष्णु पराडकर यांनी काशीच्या 'आज' या दैनिकाचे संपादन दीर्घकाळ केले. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतील थोर कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठी कवितेत नाव मिळविले. एकाच घरातील दोघा भावांनी दोन भाषांत मानाचे स्थान मिळवावे, इतक्या या भाषा एकमेकींच्या जवळ आहेत.

अडचण उद्भवते ती नेमकी या जवळिकीतून. लिपी एक, संस्कृतातून आलेले शब्द पुष्कळसे समान. म्हणून आपण मराठी शब्द तसाच उचलतो आणि तो हिंदीच आहे असे समजतो. आणि नवल असे, की मत विचारण्याच्या कामी जे शब्द आपणास वारंवार लागतात, तेच या बाबतीत अधिक फसवे आहेत.

'सूचना' हा शब्द घ्या. सभेच्या अखेरीस 'आपल्या सूचना कळवाव्यात' असे आपण म्हणतो. हिंदीत मात्र 'सूचना' म्हणजे माहिती किंवा जाहीर निवेदन. 'कृपया सूचना दीजिए' याचा अर्थ 'कृपया कळवावे' एवढाच होतो, आणि काय कळवावयाचे या विचारात ऐकणारा पडतो. आपणास हवा असलेला शब्द 'सुझाव' हा आहे. 'सूझना' म्हणजे सुचणे; त्यावरून सुझाव, म्हणजे दुसऱ्याला सुचलेली व त्याने पुढे ठेवलेली गोष्ट.

'अभिप्राय' याहूनही घातक ठरतो. मराठीत 'आपला अभिप्राय द्या' ही सभ्यतेची विनंती आहे. हिंदीत अभिप्राय म्हणजे आशय किंवा हेतू. कोणा वडीलधाऱ्या गृहस्थास आपण 'आपका अभिप्राय क्या है?' असे विचारले, तर 'तुम्हाला म्हणावयाचे तरी काय आहे?' असा सूर त्यांच्या कानी पडेल. आदराने केलेला प्रश्न उलटतपासणीसारखा भासेल.

'मत' हा शब्द हिंदीतही आहे आणि त्याचा अर्थही तोच आहे. परंतु तेथे दोन खाचखळगे आहेत. हिंदीत 'मत' हा नकारही आहे. 'अपना मत बताइए' म्हणजे 'आपले मत सांगा'. त्यातील 'अपना' गळला की उरते 'मत बताइए', म्हणजे 'सांगू नका'! शिवाय 'मत माँगना' म्हणजे निवडणुकीत मते मागणे. शेजाऱ्याकडे मुलाचा निबंध घेऊन जाणाऱ्या आईला उमेदवार ठरण्याची हौस खचित नसेल.

आणखी दोन शब्द सांभाळावेत. मराठीत 'संशोधन' म्हणजे नवे ज्ञान शोधणे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण ज्यास घटनादुरुस्ती म्हणतो त्यास हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणतात. म्हणून मसुद्यात फेरफार सुचवावेत अशी इच्छा असेल, तर 'संशोधन' हा शब्द तेथे अगदी योग्य आहे. उलट 'टीका' हा शब्द दोषदर्शनाच्या अर्थाने वापरू नये. हिंदीत टीका म्हणजे ग्रंथावरील भाष्य, कपाळीचा टिळा किंवा रोगप्रतिबंधक लस. दोष दाखविण्यास हिंदीत 'आलोचना' म्हणतात. पण घरगुती बोलण्यात तोही शब्द जड वाटतो. 'कोई कमी लगे तो बताइए' हे पुरेसे आहे.

मग निर्धास्तपणे वापरावे असे शब्द कोणते? 'राय', 'सलाह', 'सुझाव' आणि 'विचार' हे चार. एखाद्या गोष्टीविषयी काय वाटते हे जाणून घ्यावयाचे असेल तर 'राय'. स्वतःच्या अडचणीत काय करावे हे विचारावयाचे असेल तर 'सलाह'. नव्या कल्पना हव्या असतील तर 'सुझाव'. विस्ताराने ऐकावयाचे असेल तर 'विचार'. लिंगाकडेही लक्ष असू द्यावे. मराठीत सल्ला पुल्लिंगी आहे, पण हिंदीत सलाह स्त्रीलिंगी आहे. राय हीदेखील स्त्रीलिंगी. म्हणून 'आपकी राय', 'आपकी सलाह'. पण 'आपका सुझाव' आणि 'आपके विचार'.

शब्दांनंतर येते क्रियापद, आणि हिंदीतील सभ्यता मुख्यतः तेथेच वसते. मराठीत आपण वडिलांना, गुरुजींना, शेजाऱ्यांना 'तुम्ही' म्हणतो आणि त्यात आदराची उणीव नसते. त्यावरून हिंदीतील 'तुम' हा 'तुम्ही'चाच भाऊ असे वाटते. परंतु 'तुम' हा बरोबरीच्या मित्रास किंवा लहानास शोभतो. जेथे मराठीत 'तुम्ही' म्हणाल, तेथे हिंदीत बहुधा 'आप' म्हणावे, हा नियम मनाशी धरला तर निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम आज्ञार्थाचे. 'बता', 'बताओ', 'बताइए', 'बताइएगा' अशा या चढत्या पायऱ्या आहेत. 'बता' हे 'तू'बरोबर, 'बताओ' हे 'तुम'बरोबर आणि 'बताइए' हे 'आप'बरोबर जाते. 'आप बताओ' असेही ठिकठिकाणी ऐकू येते. पण वडीलधाऱ्यांशी बोलताना ते टाळलेले बरे. 'बताइएगा' यात आणखी एक खुबी आहे. त्यात भविष्यकाळ असल्यामुळे 'सवडीने सांगा, घाई नाही' असे न बोलता सुचविले जाते. लेखी विनंतीत 'बताएँ' हे रूप शोभते. 'कृपया' हा शब्द पत्रात आणि फलकावर ठीक आहे. तोंडी बोलण्यात मात्र तो वरचेवर घातला तर बोलणे कचेरीतील वाटू लागते. त्यापेक्षा 'ज़रा देख लीजिए' यातील 'ज़रा' अधिक आपुलकीचा.

हाक मारतानाही थोडे जपावे. आडनावापुढे 'जी' लावले की आदर पुरता होतो. शेजारणीस 'भाभी जी', 'दीदी' किंवा 'बहन जी' म्हणावे. शाळेतील शिक्षिकेस मराठीत आपण 'बाई' म्हणतो. पण हिंदी बोलणाऱ्या अनेक शहरांत हा शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीकरिता वापरतात. आपल्याकडे 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, तर हिंदीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. पस्तिशीतील गृहस्थास 'दादा' म्हटले, तर तो मनातल्या मनात केस चाचपून पाहील!

आता हे सर्व एकत्र करून पाहू. समजा, आपल्या वसाहतीतील गणेशोत्सवाची जबाबदारी मराठी घरांकडे आहे आणि उत्सव सर्वांचा व्हावा अशी आपली मनापासून इच्छा आहे. तर पुढीलप्रमाणे चिठ्ठी लिहिता येईल:

'सादर नमस्ते। इस वर्ष के गणेशोत्सव की एक छोटी-सी रूपरेखा साथ भेज रहे हैं। विशेषकर दो बातों पर आपकी राय जानना चाहते हैं: कार्यक्रम कितने बजे रखा जाए, और बच्चों के लिए क्या नया किया जा सकता है। कोई बात ठीक न लगे तो निस्संकोच बताइएगा। रविवार तक आपके सुझाव मिल सकें तो हम आभारी होंगे।'

या चिठ्ठीत अलंकार नाहीत. पण तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक, 'कसे काय वाटते?' असा मोघम प्रश्न न करता दोन नेमके प्रश्न विचारले आहेत. मोघम प्रश्नास मोघमच उत्तर येते. दोन, नापसंती दर्शविण्यास वाट ठेवली आहे. 'निस्संकोच' हा शब्द तेवढ्यासाठीच आहे. तीन, मुदत सांगितली आहे, पण ती विनंतीच्या स्वरूपात. आणि चिठ्ठी कार्यक्रम ठरण्यापूर्वी जावयास हवी, हे तर उघडच आहे. सर्व ठरल्यावर विचारलेले मत म्हणजे निव्वळ उपचार, हे कोणत्याही भाषेच्या माणसास तत्काळ कळते.

विचारून झाले की ऐकण्याचे काम सुरू होते. सभ्य माणसे नापसंती सरळ बोलून दाखवीत नाहीत. 'जैसा आप उचित समझें', 'सब ठीक ही है', 'देख लेंगे' ही उत्तरे संमतीची असतीलच असे नाही. पुष्कळदा तो संकोच असतो. अशा वेळी हट्ट न धरता एक सोपा प्रश्न करावा: 'अगर यह काम आपके हाथ में होता, तो आप सबसे पहले क्या बदलते?' बोलणारी स्त्री असेल तर 'क्या बदलतीं?' म्हणावे. या प्रश्नात कोणाचा दोष दाखवावा लागत नाही. म्हणून माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

तो बोलू लागला की मध्येच 'नहीं, नहीं, बात यह है कि' असे म्हणून आपली बाजू मांडू नये. ऐकावे, लिहून घ्यावे आणि 'यह बात हमारे ध्यान में नहीं आई थी, धन्यवाद' असे म्हणावे. सुचविलेली प्रत्येक गोष्ट स्वीकारलीच पाहिजे असे नाही. परंतु जी स्वीकारली ती कोणामुळे, हे त्याला अवश्य कळवावे. 'आपके कहने पर हमने समय बदल दिया' हे एक वाक्य ऐकल्यावर पुढच्या वर्षी तो गृहस्थ न बोलावता येईल. जी स्वीकारता आली नाही तिचे कारणही दोन शब्दांत सांगावे. मौन ठेवले तर मन दुखावते.

शेवटी एक घरगुती उपाय सुचवावासा वाटतो. हिंदी प्रदेशात वाढणारी मुले बहुधा आईवडिलांपेक्षा आणि आजीआजोबांपेक्षा चांगली हिंदी बोलतात. तेव्हा चिठ्ठी बाहेर पाठविण्यापूर्वी ती त्यांना वाचून दाखवावी आणि त्यांनाच विचारावे: 'बेटा, ज़रा देखो, ठीक लिखा है?' येथे 'तुम'च शोभून दिसेल. आजीने नातवाचे मत घेतले यात आजीचा मान कमी होत नाही. आणि विचारणे ही लाजेची गोष्ट नव्हे, हे नातू त्याच वयात शिकतो. येत्या रविवारी एखादी लहानशी बाब घेऊन आपण हा प्रयोग अवश्य करून पाहावा.