औद्योगिक रसायनांची त्वचादाह चाचणी : अर्थ, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना

वडोदरा शहराचा रसायनशास्त्राशी संबंध जुना आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे रंगकामाचे रसायनशास्त्र शिकविले जाऊ लागले. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक, १९६५ मध्ये कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना आणि १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन पेट्रोकेमिकल्स अशी एकेक भर पडत गेली. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत तर लहान-मोठ्या रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. कम्युनिटी कॉलेजमधून व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करणारे अनेक विद्यार्थी अशाच कारखान्यांत, गोदामांत किंवा रंगकामाच्या दुकानांत कामाला लागतात.

तेथे त्यांच्यासमोर जो ड्रम येतो, त्याच्या लेबलवर 'त्वचेचा दाह होतो' असे लिहिलेले असते किंवा नसते. हे वाक्य कोणी, कशावरून ठरविले? आणि ते लिहिलेले नसेल तर हात घालण्यास हरकत नाही, असा अर्थ होतो का? शिक्षकांना या दोन प्रश्नांची उत्तरे माहीत असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे.

चाचणीचा उगम

१९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी वुडार्ड व कॅल्व्हरी यांनी सशाच्या त्वचेवर व डोळ्यावर पदार्थ लावून त्याचा परिणाम गुणांमध्ये मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोपर्यंत 'थोडा दाह', 'बराच दाह' अशी मोघम वर्णने होत असत. ड्रेझ यांनी त्यांना आकडे दिले, म्हणून दोन पदार्थांची तुलना करणे शक्य झाले. मूळ पद्धतीत पदार्थ २४ तास त्वचेवर ठेवला जाई आणि काही जागी त्वचा मुद्दाम खरवडलेली असे. १९८१ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने म्हणजे ओईसीडीने आपली मार्गदर्शिका क्रमांक ४०४ स्वीकारली. तिच्यात ही वेळ ४ तासांवर आली आणि न खरवडलेली त्वचा वापरण्याचे ठरले.

चाचणीची कार्यपद्धती

पांढऱ्या सशाच्या पाठीवरील केस चाचणीच्या सुमारे २४ तास आधी कापतात. द्रव असेल तर अर्धा मिलिलिटर, घन असेल तर अर्धा ग्रॅम पदार्थ सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर लावून त्यावर गॉजची पट्टी बांधतात. चार तासांनी पट्टी काढून जागा स्वच्छ करतात. त्यानंतर १ तास, २४ तास, ४८ तास आणि ७२ तासांनी त्वचा पाहून लालसरपणा व सूज यांना प्रत्येकी ० ते ४ असे गुण देतात. लाली नसल्यास ०, जेमतेम दिसत असल्यास १, स्पष्ट दिसत असल्यास २, आणि बीटासारखी गडद लाली किंवा खपली धरल्यास ४. परिणाम भरून येतो की नाही हे पाहण्यासाठी आवश्यक तेथे १४ दिवसांपर्यंत निरीक्षण चालते.

वर्गात समजावण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन सशांच्या लालसरपणाचे २४, ४८ व ७२ तासांचे गुण असे आहेत : पहिला ससा ३, २, २ (सरासरी २.३३), दुसरा ३, ३, २ (सरासरी २.६७), तिसरा २, १, १ (सरासरी १.३३). संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीनुसार तीनपैकी किमान दोन प्राण्यांची सरासरी २.३ किंवा अधिक असेल तर पदार्थ 'दाहक' ठरतो. म्हणून हा पदार्थ दाहक आहे. आता पहिल्या सशाचा शेवटचा गुण २ ऐवजी १ पडला असे समजा. त्याची सरासरी २.० होते आणि या कसोटीवर पदार्थ त्या वर्गातून बाहेर पडतो. एका निरीक्षकाने एकदा दिलेल्या एका गुणावर लेबल बदलू शकते, हे विद्यार्थ्यांना स्वतः गणित करून पाहू द्यावे.

मर्यादा

ही शंका केवळ कागदी नाही. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला यांनी वीसहून अधिक प्रयोगशाळांकडून त्याच पदार्थांच्या चाचण्या करून घेतल्या, तेव्हा त्यांच्या निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. दुसरा प्रश्न प्राण्याचाच आहे. सशाच्या त्वचेचा बाह्य थर पातळ असतो, केसांची मुळे दाट असतात, त्यामुळे पदार्थ लवकर आत शिरतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यिरोवा व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सशावर दाहक ठरलेल्या १६ रसायनांपैकी केवळ ५ रसायने माणसाच्या त्वचेवर चार तासांच्या चाचणीत दाहक ठरली. यावरून ससा काळजीच्या बाजूने चुकतो असे म्हणता येईल.

परंतु कामगाराच्या दृष्टीने खरी मर्यादा वेगळीच आहे. चाचणी एकदाच, चार तासांच्या स्पर्शाची असते. कामगाराचा हात मात्र दिवसातून अनेकदा, महिनोन्महिने त्याच द्रवात जातो. साबणाचे पाणी, सॉल्व्हंट, यंत्रावरील कटिंग ऑइल यांसारखे सौम्य पदार्थ एका स्पर्शात काहीच करीत नाहीत, पण वारंवार लागल्याने त्वचेतील स्निग्धांश निघून जातो, ती कोरडी पडते, भेगाळते. असा संचित दाह या चाचणीत पकडला जात नाही. तसेच ॲलर्जी हीही स्वतंत्र बाब आहे. सिमेंटमधील क्रोमेटमुळे गवंड्याच्या हातांना होणारी इसब हे तिचे परिचित उदाहरण. ॲलर्जीसाठी गिनिपिग व उंदरांवरील वेगळ्या चाचण्या प्रचारात आल्या. म्हणून 'दाहक नाही' या शब्दांचा अर्थ 'हातांना निर्धोक' असा कधीही लावू नये.

पर्यायी पद्धती

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांबाबत तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे पर्याय वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे. त्वचादाहाच्या क्षेत्रात ती बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आली आहेत. २००२ च्या सुधारित मार्गदर्शिकेनुसार आधी उपलब्ध माहिती तपासावी लागते. सामू २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून अधिक असेल तर पदार्थ त्वचा जाळणारा असण्याची शक्यता धरून प्राण्यावर चाचणी टाळतात. चाचणी करावीच लागली तर प्रथम एकाच सशावर करतात.

२०१० मध्ये मार्गदर्शिका क्रमांक ४३९ आली. तिच्यात मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेला त्वचेचा थर वापरतात. पदार्थ लावून धुतल्यानंतर जिवंत पेशी किती उरल्या ते एका रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजतात. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्यास पदार्थ दाहक मानतात. येथे गुण देणाऱ्याच्या नजरेऐवजी रंगाची मोजणी होते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्या रसायनविषयक नियमांत दुरुस्ती करून त्वचादाहासाठी अशाच पद्धतींना प्राधान्य दिले. मात्र संचित दाहाचा प्रश्न याही पद्धतीने सुटत नाही.

भारतातील कायदा

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या संस्थेची नोंदणी आणि तेथे प्राणी नीतिविषयक समिती असणे बंधनकारक झाले. ससा, उंदीर, गिनिपिग यांवरील प्रयोगांच्या प्रस्तावांची छाननी ही समिती करते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ मध्ये बंदी आली. पण ती बंदी औद्योगिक रसायनांना लागू नाही.

याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये शिक्षकांशी थेट संबंध असलेली तरतूद आहे. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे त्यात सुचविले आहे. त्यामुळे हा विषय शिकविण्यासाठी एकाही प्राण्याची गरज नाही.

वर्गात काय करता येईल?

१९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी धोकादायक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक तयार ठेवण्याचे बंधन घातले. जागतिक पद्धतीच्या माहितीपत्रकात १६ विभाग असतात. त्यांपैकी विभाग २ मध्ये धोक्याचे वर्गीकरण, ८ मध्ये हातमोजे इत्यादी साधने, ९ मध्ये सामू आणि ११ मध्ये विषबाधाविषयक माहिती असते. विद्यार्थ्यांना दोन-तीन माहितीपत्रके देऊन पुढील प्रश्न विचारावेत : चाचणी कशावर झाली? स्पर्श किती वेळाचा होता? ॲलर्जीबद्दल काय म्हटले आहे? वारंवार स्पर्शाबद्दल काही लिहिले आहे का? जेथे 'माहिती उपलब्ध नाही' असे छापलेले असते, तेथे 'धोका नाही' असे वाचण्याची चूक हमखास होते. ती वर्गातच दुरुस्त व्हावी.

समारोप

त्वचादाह चाचणी एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते : एकदा, काही तास लागलेला पदार्थ त्वचेला किती इजा करतो. लेबलवरील शब्द त्या उत्तरापुरतेच खरे आहेत. रोजच्या कामातील हातांचे रक्षण हातमोजे, स्वच्छ पाणी, कामानंतर हात धुण्याची सोय आणि त्वचा लाल होताच ती दाखविण्याची सवय यांनीच होते. आपला विद्यार्थी ड्रमचे झाकण उघडण्यापूर्वी एवढे जाणत असेल, तर या विषयासाठी दिलेला तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.