कापसाचा धागा लांब कसा होतो? पेशीच्या भिंतीत काम करणाऱ्या विकरांची कामगिरी

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. फरक ४०० रुपयांचा. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर, तर लांब धागा २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. म्हणजे हे ४०० रुपये साधारण ५ मिलिमीटरचे आहेत.

रिद्धपूरपासून अकोल्यापर्यंत वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकांसाठी ही लांबी महत्त्वाची आहे. ती ठरते कशी? वाण, पाणी, खत ही उत्तरं बरोबरच आहेत. पण बोंडाच्या आत प्रत्यक्ष काम करतात ती विकरं, म्हणजे एन्झाइम.

एक धागा, एकच पेशी

कापसाचा प्रत्येक धागा ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. कपाशीचं फूल उमलतं, त्याच सुमारास या पेशी वर यायला लागतात. पुढचे साधारण तीन आठवडे त्या फक्त लांब होत राहतात. धागा पूर्ण वाढतो तेव्हा त्याची लांबी जाडीच्या हजारपटीहून जास्त असते.

पण वनस्पतीच्या पेशीभोवती भक्कम भिंत असते. सेल्युलोजचे मजबूत तंतू आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या इतर शर्करांच्या साखळ्या, अशी तिची रचना असते. ही भिंत न फुटता ताणायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

भिंत सैल कोण करतं?

पेशीत पोटॅशियमसारखे क्षार साठतात, त्यांच्यामागे पाणी आत शिरतं आणि भिंतीवर आतून दाब येतो. नुसत्या दाबाने भागत नाही. भिंतही थोडी सैल व्हावी लागते.

त्यासाठी पेशी आपली भिंत आम्लधर्मी करते. अशा भिंतीत 'एक्सपान्सिन' नावाची प्रथिनं तंतूंमधली पकड ढिली करतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या गटाने काकडीच्या रोपांत ती शोधली. काटेकोर अर्थाने ती विकरं नाहीत, कारण ती कोणतीही साखळी तोडत नाहीत. तोडण्या-जोडण्याचं काम 'एक्सईटी' हे विकर करतं. ते एक साखळी कापतं आणि तिचं टोक दुसऱ्या साखळीला जोडतं. त्यामुळे भिंत ताणली जाते, पण तुटत नाही.

मग भिंत जाड होते

फूल उमलल्यानंतर साधारण १६ ते २० दिवसांनी काम बदलतं. लांबी वाढणं मंदावतं आणि 'सेल्युलोज सिंथेज' या विकराचा जोर वाढतो. पेशीच्या पटलावर बसलेलं हे विकर पानांतून आलेल्या साखरेपासून सेल्युलोजचे तंतू विणत जातं. वनस्पतींमधलं या विकराचं जनुक १९९६ मध्ये पहिल्यांदा ओळखलं गेलं, तेही कापसाच्याच धाग्यात. पक्व धाग्यात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं.

भिंत किती भरली, याचा अंदाज बाजारात 'मायक्रोनेअर' या मापाने येतो. लांब धाग्याच्या हमीभावासाठी ते ३.५ ते ४.३ असावं लागतं. भिंत पातळ राहिली तर धागा कच्चा राहतो. असा धागा रंग नीट धरत नाही आणि सुतात गुठळ्या होतात.

शेतात याचा अर्थ काय?

लांबीची कमाल मर्यादा वाण ठरवतो. तिथपर्यंत पोहोचायचं की नाही, हे त्या पहिल्या तीन आठवड्यांवर अवलंबून असतं. या काळात पाण्याचा मोठा ताण पडला किंवा पालाश कमी पडलं, तर आतला दाब घटतो आणि धागा आखूड राहतो. नंतर कितीही पाणी दिलं तरी ती लांबी परत मिळत नाही.

जाडीच्या टप्प्यात धोका थंडीचा असतो. थंड रात्रींत सेल्युलोज विणण्याचं काम मंदावतं. म्हणूनच उशिरा धरलेल्या, नोव्हेंबर-डिसेंबरात पिकणाऱ्या बोंडांचा धागा बऱ्याचदा कच्चा राहतो.

एकाच झाडावरच्या पहिल्या आणि शेवटच्या वेचणीचा कापूस सारखा नसतो, त्यामागे हेही एक कारण आहे. दोन्ही वेचण्या वेगळ्या ठेवल्या, तर चांगल्या धाग्यात कच्चा धागा मिसळत नाही.