युरोपचं भांडण, नगरची छावणी

नागापूरच्या एमआयडीसीत पाळी सुटली की मनमाड रस्त्यावर दुचाक्यांची रांग लागते. तिथून नगर शहर ओलांडून भिंगारच्या अंगाला गेलं, की भुईकोट किल्ला दिसतो. शाळेच्या पुस्तकामुळे या किल्ल्याशी आपण दोन नावं जोडतो, चांदबीबी आणि पंडित नेहरू. पण या तटाआड आणि शेजारच्या लष्करी छावणीत युरोपीय माणसंही बंदी म्हणून राहून गेली. एकदा नव्हे, तीनदा. आणि तिन्ही वेळा वादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: राज्याने कुणाला आपला माणूस मानायचं?

पहिले आले बोअर. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले हे डच वंशाचे शेतकरी. त्यांच्या ट्रान्सवालमध्ये १८८६ साली सोन्याची खाण लागली आणि बाहेरच्यांची, विशेषतः इंग्रजांची, रीघ लागली. या उपऱ्यांना मताचा हक्क कधी द्यायचा, यावर १८९९ साली ब्लूमफाँटेन इथे वाटाघाटी झाल्या. इंग्रजांचे उच्चायुक्त मिल्नर यांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर मत हवं होतं. अध्यक्ष क्रूगर सात वर्षांवर अडले. डोळा अर्थात सोन्यावर होता, पण जगाला सांगायचं कारण मताधिकाराचं. ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं आणि पकडलेले हजारो बोअर सेंट हेलेना, सिलोन, हिंदुस्थानात पाठवले गेले. त्यांतले काही नगरला आले. गंमत अशी, की ज्या साम्राज्याने परक्या मुलखात आपल्या माणसांच्या मतासाठी बंदूक उचलली, त्याच साम्राज्यात नगरच्या शेतकऱ्याला आपले राज्यकर्ते निवडायची सोय नव्हती.

दुसरी खेप १९१४ ची. पहिलं महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातले जर्मन आणि ऑस्ट्रियन व्यापारी, खलाशी, मिशनरी एका दिवसात ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरले. गुन्हा काही नाही, फक्त जन्मगाव चुकीचं. त्यांच्यासाठी नगरला मोठी छावणी उभी राहिली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी १९१७ मध्ये ती पाहून गेले. बरेच जण सुटून मायदेशी निघाले, तेव्हा १९१९ सरून १९२० उजाडलं होतं. तोवर बाहेर सगळंच बदललं होतं. कैसरच्या जर्मनीचं प्रजासत्ताक झालं होतं आणि जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत तिथल्या बायकांनी पहिल्यांदा देशासाठी मत दिलं होतं. ऑस्ट्रिया-हंगेरी तर नकाशावर उरलंच नव्हतं. माणूस ज्या देशाचा म्हणून आत गेला, तो देशच त्याच्याआधी सुटून गेला.

त्याच काळात इकडेही सुधारणेचा वारा आला, पण झुळकीपुरताच. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने मत मिळालं ते सारा, कर किंवा मिळकत यांच्या हिशेबाने. ज्याच्या नावावर पुरेसा सारा, त्याचं मत. त्याच्या शेतावर राबणारा सालगडी यादीबाहेर.

तिसऱ्या खेपेला, १९३९ मध्ये, गुंता आणखी वाढला. हिटलरने १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळल्याने तिथली माणसंही जर्मन ठरली होती. नांगा पर्वताच्या मोहिमेहून परतताना अडकलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हॅरर, जो पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तिबेटात पोचला, आधी नगरलाच आणला गेला. तो नाझी पक्षाचा सदस्य होता. आणि त्याच छावणीत नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही होते! १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीने ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले होते. ‘तुम्ही आमचे नाही,’ असं जर्मनी म्हणत होतं, तर ‘तुम्ही त्यांचेच,’ असं इंग्रज सरकार. चौकशी समितीने छाननी केल्यावर त्यांतल्या अनेकांची सुटका झाली.

१९३९ च्याच ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या निवडून आलेल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. लोकशाही वाचवायच्या युद्धात लोकांनाच विचारलं नाही, ही काँग्रेसची तक्रार. ती वाढत वाढत ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’पर्यंत पोचली आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव या किल्ल्यात बंद झाले. नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं.

म्हणजे बोअर, जर्मन, ज्यू आणि आपले पुढारी, सगळ्यांनी या परिसरात एकाच प्रश्नाची किंमत मोजली. आपण त्याचं उत्तर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिलं. सारा विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही, बाई की बाप्या हेही नाही. वय एकवीस भरलंय ना, एवढंच पाहिलं. आता तर अठराच पुरतात. नागापूरच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार आणि त्याच्या कारखान्याचा मालक मतदानाच्या दिवशी एकाच रांगेत उभे राहतात. ती रांग किल्ल्याइतकी जुनी नाही, आणि किल्ल्यासारखी दगडाचीही नाही. म्हणून तिला राखणदार जास्त लागतात.