चार मीटरची शिस्त

गाड्या बांधायचे कॉम्प्युटर गेम आता बरेच निघालेत. त्यात ‘ऑटोमेशन’ची तऱ्हा वेगळी. इथे शर्यत जिंकायची नसते. इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक, सस्पेन्शनचा प्रकार, चाकांचं माप, सगळं आपणच ठरवायचं. बॉडीचा मूळ साचा गेम देतो. तो माउसने ओढून लांबवायचा, बसका करायचा, मग त्यावर दिवे, जाळी, आरसे, दाराच्या मुठी बसवायच्या. झालेली गाडी ‘बीमएनजी’ या दुसऱ्या गेममध्ये नेऊन चालवता येते, आणि मन भरलं की भिंतीवर आपटताही येते.

बसवलेला दिवा पत्र्याच्या वळणाप्रमाणे आपोआप वाकतो. ही सोयच घात करते. काहीही कुठेही चिकटतं, त्यामुळे नवशिक्याच्या गाडीला चार सायलेन्सर, बॉनेटवर भोकं, डिकीवर स्पॉयलर आणि वीस इंची रिम येतात, तरी गाडी खोटीच दिसते. खऱ्या गाडीचा चेहरामोहरा बराचसा तिच्या अडचणींनी घडवलेला असतो. त्या अडचणी स्वतःवर लादून घेतल्या, की पडद्यावरची गाडीही रस्त्यावरची वाटू लागते. अभ्यासाला पुण्यासारखं गाव नाही. इथल्या पार्किंगमध्ये सगळी उदाहरणं उभीच असतात.

पहिली अडचण कराची. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी, की लांबी ४००० मिलिमीटरच्या आत हवी. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. टाटांची इंडिगो त्या वेळी ४१५० मिलिमीटर होती. मग २००८मध्ये इंडिगो सीएस आली, ३९८८ मिलिमीटरची. वीतभर लांबी गेली कुठून? पुढे इंजिन आहे, मध्ये माणसं बसतात. कापायला उरली डिकी. बाजूने पाहिलं तर ती गाडी शेपूट छाटलेल्या कुत्र्यासारखी दिसे, पण खपली. २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी लहान गाडीसाठी चार मीटरची अट कायम राहिली. त्यामुळे गेममध्ये भारतीय सेडान करायची असेल तर लांबीचा आकडा ३९९५च्या पुढे नेऊ नका. डिकी आखडेल, छत मागे उंच राहील, प्रमाण किंचित बिघडेल आणि नेमकी तिथेच गाडी ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट चाकांची, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. गाडीचं चित्र काढणारे चाक हेच मापाचं एकक धरतात: दोन चाकांच्या मध्ये आणखी तीन चाकं मावावीत, गाडीची उंची दोन चाकांएवढी असावी, असा ढोबळ ठोकताळा. कागदावर त्याने गाडी देखणी दिसते. आता हाच ठोकताळा टाटांच्या नॅनोला लावा. तिचा पुढचा टायर १३५/७० आर १२. म्हणजे रिम १२ इंची आणि टायरची उंची त्याच्या रुंदीच्या ७० टक्के. हिशेब केला तर टायरसकट चाकाचा व्यास जेमतेम अर्धा मीटर भरतो. गाडीची उंची १६५२ मिलिमीटर. म्हणजे दोन कुठली, तीन चाकांहूनही अधिक. इंजिन मागच्या सीटखाली, सुटं चाक आणि पेट्रोल भरायचं तोंड पुढच्या बॉनेटखाली, आणि ३.१ मीटरमध्ये चार माणसं ताठ बसवायची. उंची वाढण्याला पर्यायच नव्हता. पहिल्या नॅनोचं मागचं दारही उघडत नसे, सामान मागची सीट पाडून आतून ठेवावं लागे. लोक हसले. माझ्या मते मात्र बाहेरचा आकार आतल्या गरजेशी इतका प्रामाणिक असलेली गाडी आपल्याकडे दुसरी झाली नाही.

काचेकडे तर गेम खेळणाऱ्यांचं लक्षच जात नाही, कारण तिथे काच खाली करायला कुणी सांगत नाही. खरी काच दाराच्या पोटात उतरावी लागते. म्हणून तिला एकाच दिशेने बेताची गोलाई देतात आणि दारही त्याच गोलाईने फुगवतात. मागच्या दाराला चाकाची कमान खालून कापते, तिथे काचेला जागा कमी पडते. म्हणून बऱ्याच गाड्यांत मागच्या खिडकीत उभी पट्टी टाकून एक छोटा त्रिकोण कायमचा बंद ठेवतात. गेममध्ये तेवढी एक काळी पट्टी दिलीत, तरी फरक दिसेल. तीच गोष्ट कडांची. पत्रा प्रेसमध्ये ओढला जातो, फार टोकदार कोपऱ्यावर तो फाटतो, तेव्हा कड थोडी गोल हवीच. मागचा दिवा डिकीच्या फटीवरून जात असेल तर त्याचे दोन तुकडे करा, नाहीतर डिकी उघडायची कशी? आणि नंबर प्लेट! पुढे ५०० बाय १२० मिलिमीटरची सपाट जागा सोडावीच लागते. भल्याभल्या देखण्या जाळ्या तिने बिघडवल्या आहेत.

पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही १९६६मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. टेकडीलाच लोक एआरएआय टेकडी म्हणतात. गाड्या नियमात बसतात की नाही हे तपासण्याचं काम तिथे चालतं. गाडीची धडक बसून पायी चालणाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली पत्र्याला दबायला जागा हवी, हा त्यातलाच एक नियम. इंजिनावर मोकळी जागा सोडायची म्हणजे बॉनेट उचललं जातं. अलीकडच्या गाड्यांची नाकं उंच आणि बोथट झाली, त्यामागे फॅशनइतकाच याचाही हात आहे. १९८०च्या काळातली गाडी बनवताना बॉनेट खाली घ्या, आजची बनवताना वर. साल चुकलं की गाडी चुकते.

आता एक अवघड उदाहरण: टाटा सिएरा. १९९१ची ही गाडी टाटामोबाइल या पिकअपच्या चासीवर उभी होती, तीनच दारांची. मागच्या बाजूची काच थेट छतात वळलेली आणि न उघडणारी. ‘ऑटोमेशन’मध्ये काचा साच्याबरोबरच येतात, त्यामुळे ही काच जशीच्या तशी जमणं कठीण. खेळणारे मग तिथे काळ्या चकचकीत रंगाचा तुकडा चिकटवून काच असल्याचा भास निर्माण करतात. ही लबाडी वाटत असेल, तर २०२५मध्ये आलेली नवी सिएरा जरा निरखून पाहा: तिला मागे दारं आली, आणि काच वर वळल्याचा भास बराचसा काळ्या रंगावर उभा आहे.

हात बसवायचा असेल तर सुरुवात इंडिकापासून करा. लांबी ३६७५, रुंदी १६६५, उंची १४८५, व्हीलबेस २४०० मिलिमीटर, चाकं लहान, मागचे दिवे उभे आणि खांबावर. एकही स्पॉयलर लावू नका. घरातल्या कुणाला तरी नाव न सांगता दाखवा. ‘ही तर इंडिका’ असं उत्तर आलं, की मग सिएराला हात घाला.